इंटरनेट हवंय? आधी इंटरनेट आणा!

बुऱ्हाणपूरचा पाण्याचा प्रश्न १६१५ च्या सुमारासच सुटला. खानखाना अब्दुर्रहीम यांच्या अमदानीत तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं. तोच हा कुंडी भंडारा. ना मोटार, ना पंप आणि मुख्य म्हणजे ना ड्रायव्हर! २०२२ मध्ये ‘हर घर जल’चं प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हाही आमचाच. राहता राहिलं जुन्या संगणकापर्यंत वायफाय पोचवणं. तिथे खानखानांनीही हात टेकले असते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा हात काढला. पॉवरलूमच्या हिशेबाचा जुना डबा भंगारात कशाला घालायचा, म्हणून घरातला भाचा त्यावर लिनक्स चढवून देतो. फुकट आणि हलकं. वायफाय तेवढं नाही, म्हणून मामा बाजारात जाऊन नखाएवढा यूएसबी अडॅप्टर मागतात.

“लिनक्स पे चलेगा?”

“सब पे चलता है, काका. लगाओ और भूल जाओ.”

लावल्यावर संगणक आनंदाने कळवतो, ‘नवीन सीडी ड्राइव्ह सापडला.’ काही अडॅप्टर आधी सीडीचं सोंग घेतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच भरलेला असतो. सोंग उतरवायला ‘यूएसबी-मोडस्विच’ लागतो. तो कुठे? इंटरनेटवर. ‘एलएसयूएसबी’ टाइप केलं की चिपचा क्रमांक कळतो. तिचा ड्रायव्हर? इंटरनेटवर. तो तयार करायला लागणारी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, हेडर्स? तीही तिथेच. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! शेवटी भाचा केबलने मोबाइल जोडतो आणि मोबाइलचं नेट सुरळीत सुरू होतं. मग अडॅप्टर घेतला कशाला, हे मामींनी विचारू नये.

एवढं करून ड्रायव्हर बसला, तरी कर्नल अपडेट झालं की बऱ्याचदा तो पुन्हा बांधावा लागतो. दुसरा अडॅप्टर आणावा, तर खोकं तेच, मॉडेलही तेच, पण कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘व्ही २’ आणि आत चिप भलतीच. लिनक्सच्याच डेबियन या अवताराचं सोवळं तर फारच कडक होतं. चिपला लागणाऱ्या बंदिस्त फर्मवेअरचा विटाळ नको म्हणून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते वर्षानुवर्षं ठेवलंच नाही. २०२२ मध्ये मतदान झालं, सोवळं सुटलं आणि २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून फर्मवेअर सोबत येऊ लागलं.

यात लिनक्सला शिव्या देण्यात अर्थ नाही. चिप विकणारे कित्येकदा तिची माहिती दडवतात आणि जगभरचे हौशी लोक ती खणून काढत ड्रायव्हर लिहितात. माल कंपनीचा, नफा कंपनीचा, रात्रीची जागरणं मात्र स्वयंसेवकांची.

तेव्हा मंडळी, खोक्यावरच्या लिनक्सच्या पेंग्विनवर भाळू नका. चिपचं नाव विचारा आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का, ते घरून पाहून जा. लिनक्सचा पेन ड्राइव्ह खिशात ठेवा. दुकानातल्याच संगणकावर तो सुरू करून अडॅप्टर लावायला सांगा आणि वायफाय दिसलं, तरच पाकीट काढा.