अलंकारमास्तर

ज्या गावाला मामलेदार कचेरी आहे, एक हायस्कूल आहे आणि सभासदांपेक्षा थकबाकीदारच अधिक असलेले एक सार्वजनिक वाचनालय आहे, त्या गावात एक अलंकारमास्तर असतोच. तशी जागा मंजूर केल्याचा सरकारी हुकूम कोणत्याही दप्तरात सापडत नाही, परंतु एक मास्तर थकला की त्याचा कारभार दुसऱ्याकडे बिनतक्रार जातो, यावरून ही काही तरी वतनदारी असावी असा माझा तर्क आहे. आमच्या आळीतील वतनदार माझे सख्खे शेजारी. तीस वर्षे मराठी शिकवून ते निवृत्त झाले. म्हणजे शाळा त्यांच्यापासून निवृत्त झाली, आणि तिच्या वाटणीचे अध्यापन आळीच्या वाट्याला आले.

कवितेचे पुस्तक उघडणे म्हणजे त्यांच्या लेखी कोर्ट उघडणे होय. उपमेय आणि उपमान यांना समोरासमोर उभे करावयाचे, ‘सम’, ‘परी’, ‘सारखा’ यांपैकी कोणी साधर्म्यवाचक शब्द हजर आहे काय याचा पुकारा करावयाचा, साधारण धर्माची जबानी घ्यावयाची आणि चौघांपैकी एखादा गैरहजर आढळल्यास ‘लुप्तोपमा’ असा शेरा मारून फैसला द्यावयाचा. एवढे झाले की कविता निकालात निघाली. ती वाचून कोणाला रडू आले किंवा कसे, ही बाब त्यांच्या अधिकारक्षेत्राबाहेरची.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले, याबद्दल मास्तरांना मुनींची थोडी कीव वाटते; उलट अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त हा आकडा शंभरावर गेला हे सांगताना त्यांचा चेहरा, घरच्या शेतात विहिरीला पाणी लागल्यासारखा फुलतो. (ही उपमा माझी, मास्तरांनी ती ‘पूर्णोपमा’ म्हणून मंजूर केली आहे.) जगन्नाथ पंडितांचा ‘रसगंगाधर’ अपुरा राहिला, हे मात्र त्यांचे घरगुती दुःख आहे. आणि केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले, या गोष्टीत त्यांना ईश्वरी योजना दिसते: थोरल्याने कविता करून भाषेची जी घडी विसकटली, ती धाकट्याने व्याकरण लिहून पुन्हा बसविली, असे ते मानतात. केशवसुतांवर हा अन्याय आहे हे मला कळते. परंतु मास्तरांशी वाद घातल्यास माझेच वाक्य फळ्यावर चढण्याचा संभव असतो.

गेल्या पावसाळ्यात आळीचे गटार तुंबले, तेव्हा सर्वानुमते अर्ज लिहिण्याचे काम त्यांच्याकडे गेले. त्यांनी चार पाने अर्ज लिहिला व ओघात गटाराला ‘वैतरणी’ म्हटले. कचेरीतून अर्ज परत आला. ‘सदर नदी या तालुक्याच्या हद्दीत नाही’ असा शिरस्तेदाराचा शेरा होता. आम्ही सारे हताश झालो. मास्तर मात्र प्रसन्न होते. रूपकाला अभिधेने, म्हणजे शब्दशः अर्थाने, इतके सरळ उत्तर दिल्याचे उदाहरण त्यांना उभ्या साहित्यशास्त्रात आढळले नव्हते. गटार अद्याप तुंबलेले आहे.

असाच एकदा गवळ्याशी तंटा झाला. ‘हे दूध नव्हे, पाणी आहे!’ असे मी संतापून ओरडलो, तोच कुंपणापलीकडून मास्तरांचा आवाज आला, ‘अपन्हुती!’ आणि क्षणभराने, दूध स्वतः निरखून, ‘छे, छे. अपन्हुतीत उपमेयाचा निषेध खोटा असावा लागतो. येथे तो यथार्थ आहे. अलंकार संभवत नाही.’ गवळ्याने एवढा मानहानिकारक निकाल जन्मात ऐकला नसेल. दुसऱ्या दिवसापासून दूध किंचित दाट झाले, हे कबूल केले पाहिजे. स्मशानात मात्र त्यांच्याजवळ उभे राहण्यास मी धजत नाही. शोकसभेत ‘क्रूर काळाने झडप घातली’ असे कोणी सद्गदित होऊन म्हणाले की, मास्तर डोळे पुसता पुसता कानाशी कुजबुजतात, ‘चेतनगुणोक्ती.’

या गृहस्थाच्या घरी भाषेचे खरे वैभव स्वयंपाकघरात नांदते, हा दैवदुर्विलास. मास्तरीणबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. परंतु ‘तुमच्याएवढा कामाचा माणूस साऱ्या आळीत नाही हो!’ असे त्या चुलीपुढून म्हणतात, तेव्हा काव्यशास्त्रकार मम्मटानेही आसन सोडून उभे राहावे. मास्तर उभे राहतात. पण लाकडे फोडण्यासाठी नव्हे, तर वही काढून त्यावर ‘व्याजस्तुती’ असे लिहिण्यासाठी. ‘आभाळ भरून आलंय’ असे त्या एकदा म्हणाल्या. जुन्या शास्त्रकारांचे ‘सूर्य मावळला’ हे व्यंजनेचे प्रसिद्ध उदाहरण, त्यातून चोराला एक, गुराख्याला दुसरे आणि अभिसारिकेला तिसरेच सुचते हे सारे मास्तरांनी मला ओट्यावर बसवून पाऊण तास समजावून दिले. तोपर्यंत दोरीवरील धोतरे, लुगडी आणि वाळत घातलेले पापड यांना व्यंग्यार्थ पोहोचून चुकला होता.

त्या दिवशी मास्तरीणबाई फक्त ‘बरं’ म्हणाल्या. या ‘बरं’मध्ये अभिधा आहे, लक्षणा आहे की व्यंजना, यावर मास्तरांनी आठ दिवस खर्च केले. नवव्या दिवशी रात्री ते माझ्याकडे वही घेऊन तावातावाने काकू आणि ध्वनी यांची सीमारेषा आखीत असता त्यांचा नातू दारात येऊन म्हणाला, ‘आजोबा, आजीनं सांगितलंय, तुमचं पान वाढून झाकून ठेवलंय म्हणून.’

मास्तर ताडकन उठले. ‘यात कोणती शक्ती?’ मी विचारले. ‘अभिधा! निव्वळ अभिधा!’ असे म्हणत ते अंधारात वहाणा चाचपू लागले.

त्या झाकणाखाली काय होते, हे सभ्य शेजाऱ्याने विचारू नये. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांची वही माझ्या ओट्यावर राहिली होती. तीत त्याच तारखेखाली, थोड्या कापऱ्या अक्षरात, ‘विपरीतलक्षणा’ या सदरात एक नवी नोंद होती, आणि उदाहरणाचा रकाना कोरा होता.