चाकांवरचा निवांतपणा

नॉर्मंडीतल्या ऑनफ्लरला कॅम्परव्हॅनवाले निवांतपणा शोधायला येतात, म्हणून आल्या आल्या जागेसाठी घिरट्या घालतात. जागा मिळाली की आधी पाण्याचा पाइप, मग विजेची केबल, मग घडीच्या खुर्च्या. आणि शेवटी शेजारच्या व्हॅनच्या मागच्या चाकाकडे तोंड करून समुद्री हवेचा आनंद. घरी नळ गळला तरी प्लंबरला फोन लावणारे गृहस्थ इथे व्हॅनच्या संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी, हातात धरून रांगेत उभे असतात, तेही हसतमुखाने!

गावाचं काय, ते आहेच. फ्रेंच दर्यावर्दी शांप्लँ 1608 साली इथूनच निघाला आणि त्याने कॅनडातलं क्वेबेक वसवलं. सेंट कॅथरिनचं चर्च जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी लाकडातच उभारलं. छत आतून उलट्या नावेसारखं. चित्रकार मोनेला उघड्यावर चित्रं काढायला लावणारा यूजेन बूदँ इथलाच. त्याने आयुष्यभर रंगवलेल्या आकाशाकडे हल्ली माणसं डिशला सिग्नल मिळतोय का, एवढ्यासाठी बघतात.

तुम्ही गेलात तर भरतीच्या सुमारास जुन्या गोदीवर जा. पूल उचलला जातो, होड्या आत येतात. त्याला तिकीट नाही, पाइपही लागत नाही.