चापाला चाप

तुरीची डाळ दोन किलो झाली, तरी चाप हलला नाही.

रिकाम्या एअर पिस्तुलाची नळी छताकडे धरून मी स्टुलावर उभा. चापाला सुतळीनं बांधलेली पिशवी. दारात बायको.

"डाळ काहून टांगली जी?"

"वजन बघतोय. स्पर्धेत अशीच तपासणी करतात. पाचशे ग्रॅम उचललं की पिस्तूल पास. आपला चाप चौपट जड आहे!"

"मंग वरणाले काय टाकू?"

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकला रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं. तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, मी बँकेतला निवृत्त रोखपाल. तिकिटं तपासणाऱ्याला जमतं, तर पस्तीस वर्षं नोटा मोजलेल्या बोटांना का जमू नये? शिवाय दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात निवृत्त माणसानं संध्याकाळी करायचं तरी काय? ४.५ मिलिमीटरची नळी आणि २० ज्यूलच्या आतला जोर असला की परवानाही लागत नाही. परवान्यासाठी नेमबाजीची परीक्षा असती, तर ही गोष्ट तिथंच संपली असती.

दहा छऱ्यांत माझे शंभरापैकी एकेचाळीस. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या गुंडीएवढं. माझे छरे शर्टभर. दोष अर्थातच चापाचा. टोकियोला मनू भाकरचंही पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं. मोठ्या नेमबाजांचं हे असंच होतं, असं मी घरात दोनदा सांगितलं.

मग मी पिस्तूल खोललं. पूर्वी एकदा मिक्सर खोलून परत जोडला होता. दोन स्क्रू उरले होते, पण मिक्सर चालत होता. चापाच्या स्प्रिंगचे दोन वेढे पक्कडीनं कापले, सगळं बसवलं, पिस्तूल ताणलं. चाप आता इतका हलका की वा! कौतुकानं ते टेबलावर ठेवलं, आणि ते आपणहून सुटलं. फट्!

आत छरा नव्हता. पण नळीच्या रोखानं बायको चहा घेऊन येत होती. कप हलला नाही. तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि काही न बोलता आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चहा गार होईपर्यंत मी त्या नळीकडे बघत बसलो.

पुन्हा खोलताना स्प्रिंग उडाली ती थेट दिवाणाखाली. तिथं चपला, जुने दिवाळी अंक, आणि बाबांचा पेटी-चरखा.

आता चरख्याचा विषय निघालाच आहे, तर वर्धेकराला अडवू नये. सुधारणेची खाज मला एकट्यालाच नाही. गांधीजी आमच्याकडे यायच्या आधीची गोष्ट. १९२९ साली चरखा संघानं उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. लाख, त्या काळचे! अटी ऐका: यंत्र हलकं हवं, झोपडीत चालावं, किंमत दीडशेच्या आत, बाईनं फार न थकता आठ तासांत सोळा हजार फूट सूत काढावं, वर वीस वर्षं टिकावं. अशा अटी मुलगी बघतानाही कोणी घालत नाही. किर्लोस्करवाडीच्या काळे यांनी यंत्र केलं, तेही कसोटीला उतरलं नाही. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पुढं येरवड्याच्या तुरुंगात हा घडीचा पेटी-चरखा आकाराला आला. म्हणजे ज्यांना घरी जायची सोय नव्हती, त्यांनीच धीरानं सुधारणा केली. मला मगनसंग्रहालयात नेऊन बाबा हे सगळं सांगायचे, आणि माझं लक्ष बाहेरच्या गोरसपाकाच्या बिस्किटांकडे.

पेटी उघडली. चाती गंजलेली, ती फिरवणारी माळ तुटलेली, कोपऱ्यात कापसाचा एक पिवळा पडलेला पेळू. मी आठ वर्षांचा असताना चातीवर माझं सूत सारखं तुटायचं. बाबा माझा हात धरून म्हणायचे, "ओढू नको. येऊ दे." त्यांचा हात माझ्या हातावर असेपर्यंत सूत यायचं. हात काढला की तुटायचं. नेमबाजीच्या व्हिडिओतला प्रशिक्षकही गोळी सुटली हे आपल्यालाही कळू नये असा चाप दाबायला सांगतो, पण त्याचा हात माझ्या हातावर कुठं असतो?

स्प्रिंग सापडली नाही. दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे पुडीत घालून घड्याळजीकडे नेले. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, पुडी उलटसुलट केली.

"भाऊ, हे काय हाय?"

"पिस्तुलाचा चाप."

"कायले खोलला?"

"जड होता."

त्यानं भिंग काढलं, माझ्या बोटांकडे बघितलं. चहाची बशी धरली तरी ती हल्ली खुळखुळते, हे त्यालाही माहीत आहे. "दोन-चार दिवस लागतीन," तो म्हणाला, "अन् जड हाय तसाच ठेवतो."

मी बरं म्हटलं. निघताना चातीला लागेल अशी बारीक माळ कुठं मिळते, तेवढं विचारलं.