वली आणि वाली

माझी तक्रार मोठी नाही. लोकशाही धोक्यात आहे वगैरे मला म्हणायचं नाही. ते म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना माईकही मिळतो. माझी तक्रार एका नारळाबद्दल आहे.

आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायची रीत अशी : पुढे गावकर, त्यांच्या मागे मानकरी, मग त्यांची भावकी, आणि सगळ्यात शेवटी, चपलांच्या ढिगाशेजारी, आम्ही. आमचे पणजोबा तीन गावं ओलांडून इथे राहायला आले, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात आम्हाला ‘होय म्हाराजा’ म्हणायचा हक्क मिळालेला आहे, पण तो चपलांपाशी उभं राहून. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चपलांवर कोणाची तरी नजर हवीच.

मागे एका लोकसभेच्या निवडणुकीत सकाळी साडेनऊला एक उमेदवार देवळासमोर मोटारीतून उतरले. नाव सांगत नाही, पक्षही सांगत नाही. डिपॉझिट गेलं एवढी खूण देता येईल, पण तिचा उपयोग नाही, कारण त्या वर्षी ते बहुतेकांचं गेलं होतं. साडेनऊला उतरलेले हे गृहस्थ नऊ पस्तीसला गावकरांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. मधल्या वेळात त्यांनी पायताणं काढली, ती माझ्या पायावर. गावकरांनी नारळ उचलला आणि देवाला सांगितलं, “ह्यां तुझां लेकरू आज तुझ्या पायाकडे इलां हा.” आम्ही मागून होय म्हाराजा म्हणालो. देवाला लेकरू ओळखू आलं की नाही हे कळायला मार्ग नाही. पण शंभर वर्षं आणि पाच मिनिटं यांच्या शर्यतीत पाच मिनिटं जिंकली, हे मी चपलांच्या जागेवरून स्वच्छ पाहिलं.

नंतर भाषण झालं. आमच्या गावाच्या नावाच्या शेवटी ‘वली’ आहे. कोकणात अशी गावं ढिगाने आहेत, कणकवली सर्वांना ठाऊक असते. उमेदवारांनी आमच्या गावाला ‘वाली’ लावला. एकदा नाही, सात वेळा, मी मोजलं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. तीस वर्षं भोंग्यावरून गावांची नावं पुकारली आहेत आणि एका काना-मात्रेच्या चुकीने म्हातारी भलत्या गाडीत बसलेली पाहिली आहे, त्यामुळे मला हे लागतं. भाषणाच्या शेवटी ते कळवळून म्हणाले की, या गावाला आजवर कोणी वाली नाही. हे मात्र बरोबर होतं. गावाला वलीच आहे.

मग नातं निघालं. ते निघतंच. उमेदवार परजिल्ह्यातला असला की अर्ज भरल्यापासून आठवड्याच्या आत त्याच्या बायकोची मावशी आपल्या तालुक्यात दिलेली निघते आणि तो जिल्ह्याचा जावई होतो. हे पद कोणी सुचवलं माहीत नाही, पण विचार करून सुचवलेलं दिसत नाही. आपल्याकडे जावयाला पाटावर बसवतात, सातबाऱ्यावर नाही. शिवाय जावयाने सासरच्या घरात लक्ष घालू नये अशी अपेक्षा असते. निवडून आलेले काही जावई ही अपेक्षा पाच वर्षं कसोशीने पाळतात.

यात बेकायदा काही नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे लोकसभेला उभं राहायचं तर देशातल्या कुठल्याही एका मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरतं. विधानसभेला उभं राहायचं तर ते नाव त्याच राज्यात हवं. ग्रामपंचायतीला मात्र त्याच गावच्या यादीत हवं. म्हणजे गटाराच्या झाकणावर बोलायचं असेल तर तुम्ही गावचेच असायला हवं, आणि दिल्लीत गावाच्या वतीने बोलायचं असेल तर कुठलेही चालाल. राज्यसभेचे खासदार तरी त्या त्या राज्याचे मतदार असावेत अशी अट पूर्वी होती. तीही 2003 साली काढली आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ते काढणं योग्य ठरवलं. तेव्हा पद जसं वर जातं तसा पुरावा कमी लागतो, असा एकंदर हिशेब आहे.

खालच्या टोकाचा हिशेब मी सांगतो. नातवाच्या अधिवास दाखल्यासाठी राज्यात 15 वर्षं राहिल्याचे कागद जमवताना मला रहिवासी दाखला लागला. मी वीजबिल घेऊन गेलो. बिल आजोबांच्या नावावर आहे. आजोबा 1983 साली वारले, तेव्हापासून त्यांनी एकदाही बिल थकवलेलं नाही. समोरच्या माणसाने बिल पाहिलं आणि सांगितलं की, यावरून आजोबा इथे राहतात हे सिद्ध होतं, तुमचं काय? ज्या आठवड्यात मी माझं काय ते सिद्ध करत होतो, त्याच आठवड्यात बाजारपेठेत एका उमेदवाराचा वीस फुटी फ्लेक्स लागला : ‘आपला माणूस’. त्याला कोणी बिल मागितलं नाही.

आता स्थानिक म्हणजे कोण, हेही एकदा ठरवायला हवं, आणि कोकणात ते ठरवणं म्हणजे फणस सोलण्याइतकं चिकट काम. इथे माणूस भेटला की पहिला प्रश्न : तुमचो गाव खंयचो? परळच्या चाळीत जन्मलेला, तिथेच नोकरी करून तिथूनच निवृत्त झालेला माणूस न अडखळता कुडाळजवळच्या वाडीचं नाव सांगतो. वर्षातले अकरा दिवस तो तिथे असतो, तेही गणपतीने बोलावलं म्हणून. तो गाववाला. आणि आमच्या तिठ्यावर साठ वर्षं दुकान चालवणारं एक कुटुंब आहे, ज्यांची तिसरी पिढी माझ्यापेक्षा चांगली मालवणी बोलते. ते अजून ‘घाटावरचे’. उधारी मात्र सगळे त्यांच्याकडेच करतात.

या मोजपट्टीने पाहिलं तर आमच्या भागाने सगळ्यात मोठा ‘उपरो’ पाच वेळा निवडून दिला. मधू दंडवते जन्माने अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. आधीचे खासदार बॅ. नाथ पै गेल्यानंतर 1971 साली राजापूर मतदारसंघातून ते पहिल्यांदा निवडून आले आणि 1989 पर्यंत येतच राहिले. कुठल्या मावशीचे जावई होते, ऐकिवात नाही. 1977 नंतर रेल्वेमंत्री असताना सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्यामुळे. पुढे 1990 साली कोकण रेल्वेचं महामंडळ झालं, तेव्हा ते अर्थमंत्री होते आणि रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे आणि निवडून आलेले बिहारातल्या मुझफ्फरपूरमधून. म्हणजे भूमिपुत्र ज्या गाडीने गणपतीला येतात, ती एका नगरकराने आणि एका मंगळूरकराने आणली. मी एसटीचा माणूस. रेल्वेने आमचे प्रवासी पळवले, त्यामुळे माझ्या तोंडून तिचं कौतुक कमीच येणार. पण आली, हे खरं. दंडवत्यांना 1991 साली कोकणाने पाडलं, हेही खरं.

आपला माणूस बाहेर जाऊन जिंकला की आपण पेढे वाटतो. बाहेरचा आपल्याकडे आला की तो पार्सल. पुण्याचे मधू लिमये बिहारातल्या मुंगेर आणि बांका इथून निवडून यायचे, याचा आपल्याला केवढा अभिमान! चिपळूणच्या सुमित्रा महाजन इंदूरहून आठ वेळा लोकसभेत गेल्या, शेवटी अध्यक्ष झाल्या. इंदूरकरांनी त्यांना तुमचो गाव खंयचो असं विचारत बसायला हवं होतं की काय? आणि आपण तरी कुठे सोवळे होतो? काश्मीरकडचे गुलाम नबी आझाद वाशिममधून दोनदा निवडून आले. तेव्हाच्या आंध्रचे नरसिंह राव रामटेकहून दोनदा आले. त्यांना मराठी एवढं येत होतं की, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यांनी तेलुगूत नेली होती. आमच्या लेकराला ‘वली’ म्हणता येईना.

मुंबईची गोष्ट आणखी मजेची. 1962 साली उत्तर मुंबईत मुख्य लढत होती कोळिकोडचे कृष्ण मेनन आणि सिंधचे आचार्य कृपलानी यांच्यात. मराठी मतदारांनी चर्चा केली ती संरक्षणाची, चीनची. पाचच वर्षांनी, 1967 साली, त्याच मेनन यांची उमेदवारी काँग्रेसने नाकारली, कारण ते बाहेरचे होते. दोन निवडणुका जिंकल्यावर कोळिकोड मुंबईपासून लांब आहे असं लक्षात आलं असावं. ते अपक्ष उभे राहिले आणि त्याच वर्षी सार्वत्रिक आणि पोटनिवडणूक अशा दोन्ही हरले. नंतर बंगालातल्या मिदनापूरने त्यांना निवडून दिलं. आणि ज्यांच्या नात्याबद्दल कोणाला शंका नसावी त्या डॉ. आंबेडकरांना याच मुंबईने 1952 साली पाडलं. घटना समितीत ते प्रथम गेले होते तेही बंगालमधून. बंगालचं हे एक कळत नाही.

मग स्थानिक उमेदवारच द्यावा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्थानिक उमेदवार वापरून पाहावा. आम्ही पाहिला आहे. त्याचं गावात घर असतं. घराला कुलूप, कुलपाला गंज आणि दारावर नवी पाटी असते. राहायला तो ठाण्याला. पण खरा त्रास तो गावात येतो तेव्हा. त्याला सगळं माहीत असतं. कुठल्या घरात किती मतं, कोणाचं कोणाशी बोलणं नाही, विहिरीच्या वाटेवरून माझा आणि चुलतभावाचा दावा कुठल्या तारखेवर अडकला आहे. चुलतभावाचा मेव्हणा त्याच्याबरोबर शाळेत होता. तेव्हापासून आमच्या वाडीची नळयोजना ‘प्रस्तावित’ आहे. परका माणूस निदान सगळ्यांकडे सारखंच दुर्लक्ष करतो. हा गुण लहान नाही.

शिवाय मतदारसंघ तरी जागेवर कुठे राहतो? राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ 2009 च्या निवडणुकीपासून नाहीच. राजापूर आहे, गाडी थांबते. पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर रायगड मतदारसंघात गेले, आणि रायगड जिल्ह्यातले पनवेल, कर्जत, उरण हे घाट चढून मावळ मतदारसंघात पिंपरी-चिंचवडला जाऊन बसले. उरणच्या कोळ्याचा आणि चिंचवडच्या कारखान्यातल्या फिटरचा ‘आपला माणूस’ नेमका कुठे राहायला हवा? बोरघाटाच्या मध्यावर त्याला घर बांधून द्यावं लागेल. माझा एक साडू गुहागर तालुक्यात असतो. एका रात्रीत तो अलिबागकरांबरोबरचा मतदार झाला. तो कुठे हललेला नाही. त्याचं वीजबिलही वडिलांच्याच नावावर आहे.

आता मतदानाच्या दिवसाबद्दल. प्रचार संपला की बाहेरच्या कार्यकर्त्यांनी मतदारसंघ सोडावा, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. त्याप्रमाणे आमच्या लेकराबरोबर आलेली पोरं आदल्या रात्री जेवून गेली. उमेदवाराला ही सक्ती नसते, तो परका असला तरी थांबू शकतो. पण हे सकाळी लवकर उठून निघून गेले. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांचं नाव त्यांच्या गावच्या यादीत आहे, आणि त्या दिवशी तिथेही मतदान होतं. म्हणजे आम्ही सगळ्यांनी ज्याला मत द्यावं असं तो पंधरा दिवस सांगत होता, त्याला त्याचं स्वतःचं मतही मिळायचं नव्हतं. तिकडे त्यांनी कोणाला मत दिलं हे गुप्त आहे. तिथला उमेदवार म्हणे नागपूरकडचा होता.

ते परत आले नाहीत. नारळ गावकरांच्या घरी गेला. ‘आपला माणूस’ शेजाऱ्याने उतरवून लाकडांच्या माचावर टाकला आहे. प्लास्टिक चांगलं होतं, चौथा पावसाळा काढतंय.

तेव्हा पुढच्या वेळी ज्या कोणाला आमच्याकडे पाठवतील, त्याने जरूर यावं. कुठल्याही जिल्ह्याचा, कुठल्याही राज्याचा असो, कायद्याचं काही म्हणणं नाही आणि आता माझंही नाही. मावशी आणू नये. गावाचं नाव तिठ्यावरच्या दुकानदाराला विचारून घ्यावं, तो बरोबर सांगतो. आणि गाऱ्हाण्याच्या वेळी मागे, चपलांपाशी, आमच्या रांगेत उभं राहावं. इथे जागा आहे.