मोदक फक्त शनिवारी, दहा ते बारा

घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्याला आता गाळा लागत नाही, पागडी लागत नाही, पाटीही लागत नाही. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असला की झालं. त्यामुळे यंदा गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेऊ पाहणाऱ्या समस्त काकू, वहिनी आणि ताईंना ग्रुपधर्माचे चार शब्द सांगणं आम्ही आमचं कर्तव्य समजतो.

पहिला नियम वाराचा. जाहिरात फक्त शनिवारी, दहा ते बारा. चतुर्थी बुधवारी आली तर तो गणपतीचा प्रश्न. उरलेले दिवस सुप्रभातची फुलं, तळपायाला कांदा बांधून ताप उतरवणारे वैद्य आणि पार्किंगवरची भांडणं यांच्यासाठी राखीव आहेत. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021मध्ये सांगून टाकलं. पुढच्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनच्या हाती कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सत्ता दिली. जबाबदारी नाही आणि सत्ता पूर्ण, असं पद देशात फार थोड्यांना लाभतं. ते वापरायचं कुठे? कांद्याचा वैद्य वर्षभर जागेवर असतो. शुक्रवारी रात्री आलेला मोदक मात्र पाच मिनिटांत उडतो.

दुसरा नियम भावाचा. भाव लिहू नये, कारण मग ‘एवढे?’ असं विचारलं जातं. भाव लिहिल्याशिवाय राहू नये, कारण मग ‘किंमत?’ असं वीस जण विचारतात. ‘40 रुपये नग’ म्हणताच निवृत्त मंडळी कॅल्क्युलेटर काढतात. तांदळाची पिठी इतकी, नारळ एक, गूळ मूठभर. म्हणजे मोदक पडला 12 रुपयांना! या हिशेबात नारळ खवणं येत नाही, हात भाजत उकड मळणं येत नाही, पाकळ्या काढणं येत नाही आणि सगळ्यांनाच बाराच्या आत नैवेद्य हवा म्हणून पहाटे तीनला उठणंही येत नाही. ते ‘घरगुती’ असतं. घरगुती चवीचे पैसे द्यायला आमची ना नाही. घरगुती कष्टांचे कोण देतं?

तिसरा नियम कौतुकाचा. ते भरपूर मिळेल. अंगठे, जोडलेले हात, ‘काकू, तोंडाला पाणी सुटलं!’ या पाण्याला ऑर्डर समजून नारळ आणू नयेत. ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं त्यातले निम्मे रेसिपी मागतात, उरलेले सॅम्पल. एखादे गृहस्थ ‘एफएसएसएआयचा नंबर आहे का?’ असं विचारतील. हे स्टेशनबाहेर रोज वडापाव खातात, पण तिथे नंबर फक्त रांगेतला विचारतात. काकूंनी कायद्याप्रमाणे नोंदणी केलेली असते. त्या चौदा आकडी नंबर टाकतात. मग त्यांचा पुढचा प्रश्न येतो, ‘21 घेतले तर काही कमी?’ तेवढ्यात बी विंगमधून कोणीतरी त्याच मेसेजखाली कळवतं की आमच्या भावजयही करतात, पाच रुपये कमी आणि घरपोच.

1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातूनच पुढे लिज्जत उभं राहिलं. त्या वेळी इमारतीचा ग्रुप नव्हता, हे केवढं भाग्य! नाहीतर पहिला पापड वाळायच्या आत ‘गच्चीच्या व्यावसायिक वापराला कमिटीची परवानगी आहे का?’ हा मेसेज पडला असता, आणि पापडांचा प्रश्न अजून सर्वसाधारण सभेपुढे प्रलंबित राहिला असता.

याच ग्रुपमधली याच बोटांची माणसं रात्री अ‍ॅपवरून नूडल्स मागवतात. डिलिव्हरीचे वेगळे, पॅकिंगचे वेगळे. 2023मध्ये अ‍ॅपवाल्यांनी दोन रुपयांपासून प्लॅटफॉर्म फी सुरू केली, पुढे वाढवत नेली. ती कशाची, हे एकाही निवृत्त गृहस्थाने कॅल्क्युलेटर काढून विचारलं नाही. कारण अ‍ॅपशी घासाघीस करता येत नाही. काकूंशी येते, त्या समोरच्याच दारात राहतात आणि उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतात.

तेव्हा भगिनींनो, मोदक 40ला विकणं बंद करा. 55 लिहा, त्यावर काट मारून ‘फक्त आज 39’ करा. मग खाली बारीक अक्षरांत जोडा: खवणी शुल्क 4, वाफ अधिभार 3, पहाट फी 9, जिना चढल्यास 12. सर्वात शेवटी टिप मागा. आम्ही निमूट भरू, वर पाच स्टारही देऊ.