आपल्या बूथवर किती?

निकालाच्या दिवशी अलिबागजवळच्या चौल गावच्या पाखाड्यांत, म्हणजे आळ्यांत, ‘कोण आलं?’ हे एकदाच विचारलं जातं. पुढे आठवडाभर चालतं ते ‘आपल्या बूथवर किती?’ मला धास्ती वाटते ती या दुसऱ्या प्रश्नाची.

२३ नोव्हेंबर २०२४ ला अलिबाग मतदारसंघात शिवसेनेचे महेंद्र दळवी १,१३,५९९ मतं मिळवून पुन्हा आमदार झाले. शेकापच्या चित्रलेखा पाटलांना ८४,०३४, अपक्ष दिलीप भोईरांना ३३,२१०. याच दळवींना २०१४ मध्ये शेकापच्या पंडित पाटलांनी १६,०९४ मतांनी हरवलं होतं. पारडं फिरतं, फिरायलाच हवं. पण बेरीज करा: दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची मतं मिळून विजेत्यापेक्षा ३,६४५ जास्त होतात. वेगळं मत देणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. आणि ती कुठल्या पाखाडीत राहतात, ते सरकारी कागदच सांगतो.

नमुना २०. त्यात एकेका मतदान केंद्राची मतं छापलेली असतात. २०२४ मध्ये एका केंद्रावर फार तर दीड हजार मतदार असायचे. तुमचं मत गुप्त राहतं, तुमच्या आळीचं राहत नाही. सभेला कोण कुणाच्या मागे बसलं होतं, हे तर गावाला पाठच असतं. मग पाखाडीचा रस्ता अडला की माणसं आधी तो कागद आठवतात.

मतपत्रिका होत्या तेव्हा निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका मोजणीआधी मिसळण्याची सोय नियमातच होती. वाडीतले नारळ उतरवून एका ढिगात टाकतात, तसं. कुठला नारळ कुठल्या माडाचा, हे मोजणाऱ्याला कळायचं कारणच नाही. मतदान यंत्रांनी ढीग मोडला, प्रत्येक माडाचा हिशेब वेगळा झाला. उपाय तयार आहे: टोटलायझर. चौदा यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं उपकरण. निवडणूक आयोगाने ते २००८ मध्येच सुचवलं, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात उचलून धरलं. केंद्र सरकारने नाकारलं. केंद्रनिहाय आकड्यांवरून पक्षांना कुठे जास्त काम करायचं ते समजतं, असं कारण दिलं.

काम कुठे करायचं हे कळायला मतांचा आकडा कशाला हवा? ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने इथल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा मदत कुठे हवी ते वाडीत उभं राहिल्यावर दिसत होतं. आमदाराने, खासदाराने तसंच यावं. पायी, पाखाडी पाखाडीने. हातात नमुना २० न घेता.