वीस टक्के बाकी

वणीजवळच्या राजुरात धूळ दोन रंगांची. कोळशाची काळी आणि चुनाभट्ट्यांची पांढरी. दोन्ही एकावर एक बसल्या की जो करडा रंग होतो, तो गाडीला मारायच्या प्रायमरच्या इतका जवळचा असतो की टर्बोभाऊंच्या गाडीला अजून रंग लागायचाच आहे, हे नवख्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. भाऊ हे गाडीच्या जमेच्या बाजूला धरतात. "ज्याले जो रंग पायजे तो मारून घ्यावा, आपन जबरदस्ती नाई केली," असं ते गिऱ्हाइकाला सांगतात.

टर्बोभाऊ हे नाव मी ठेवलेलं. त्यांना राजूरपुरतं बांधून ठेवायचंही कारण नाही. ते घुग्घुसला आहेत, वरोऱ्याला आहेत, बल्लारपूरला तर एकाच गल्लीत दोन असतील. महिन्याच्या महिन्याला पगार, घरामागे पत्र्याचं शेड आणि वेल्डिंग येणारा एक मित्र, एवढं जमलं की हा माणूस तयार होतो. कॉलरीच्या गावात या तिन्ही गोष्टींची ददात नाही.

गाडी आहे २००१ सालची होंडा सिटी, व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन, १०६ हॉर्सपॉवर. जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० सदतीस घोड्यांवर अख्खं कुटुंब शेगावला नेऊन आणत होती, त्या हिशेबाने ही गाडी म्हणजे वरातच. व्हीटेक म्हणजे काय, हे भाऊ चुनाभट्टीवर दगड भरणाऱ्यालाही समजावतात. कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे उंचवटे असतात. इंजिन सावकाश फिरतं तोवर छोटा उंचवटा झडप उघडतो, फिरकी वाढली की मोठा कामाला लागतो, झडप जास्त उघडते, हवा जास्त जाते आणि गाडी पळते. ऐकणारा मान डोलावतो आणि विचारतो, "ॲव्हरेज किती देते?"

"सध्या इंजन खाली हाय."

इंजिन पाच वर्षांपासून खाली आहे. शेडच्या कोपऱ्यात ट्रकच्या टायरवर ते ठेवलेलं आहे आणि त्यावर वहिनींची जुनी चादर आहे. खाणीवरचा एक डंपर ऑपरेटर एकदा ती चादर उचलून आत डोकावला. रोज साठ टनी डंपर चालवणारा माणूस. तो म्हणाला, "भाऊ, एवढं तं आमचं सेल्फ राह्यते." त्याच्याशी भाऊंचं पुढे बरेच दिवस बोलणं नव्हतं.

इंजिन खाली का आलं, तर टर्बोमुळे. टर्बो तसा साधा: सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात जादा हवा कोंबायची. पण हवा कोंबली की पेट्रोल जास्त लागतं, म्हणून इंजेक्टर मोठे. इंजेक्टर मोठे म्हणजे पंप मोठा. कोंबलेली हवा तापते, ती थंड करायला पुढे इंटरकूलर. तो बसत नाही म्हणून बंपर कापला. कारखान्यातून आलेले पिस्टन हा दाब सोसणार नाहीत, म्हणून पिस्टन. एवढी ताकद जुना क्लच धरणार नाही, म्हणून क्लच. गाडी पळाली तर थांबायलाही पाहिजे, म्हणून मोठ्या डिस्कचे ब्रेक. ते जुन्या चाकात मावत नाहीत, म्हणून सोळा इंची अलॉय. यातली प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीमुळे लागते, त्यामुळे एकही चैन म्हणता येत नाही. वहिनींनी एकदा कागद-पेन घेऊन ही साखळी शेवटापर्यंत लिहायला सांगितली होती. भाऊ ब्रेकपाशी आले आणि पाळीची वेळ झाली म्हणून उठून गेले.

म्हणून "काम किती राह्यलं?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं: वीस टक्के. नोटबंदीच्या साली वीस टक्के बाकी होतं, लॉकडाऊन उठला तेव्हाही वीसच. मधल्या काळात काम झालं नाही असं नाही, पुष्कळ झालं. पण इकडे काम पुढे सरकतं तसं तिकडे पूर्ण होण्याचं टोकही पुढे सरकतं, आणि अंतर जिथल्या तिथे.

महाराष्ट्र-गोव्यात स्पोर्ट्स कारचं वेड काही भाऊंनीच काढलेलं नाही. गोव्यात सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची फायबरच्या अंगाची, दोन दारांची उघडी गाडी काढली होती. पुढे दिलीप छाब्रियांच्या 'डीसी'ने २०१२च्या दिल्लीच्या वाहनमेळ्यात 'अवंती' दाखवली आणि देशभरच्या पोरांनी तिचे फोटो मोबाइलवर लावले. दोन्ही गाड्यांत इंजिन मात्र फ्रान्सच्या रेनोचं. भाऊंना हे तोंडपाठ आहे. "कंपन्याईलेबी इंजन बाहेरून आनावं लागलं. मी तं कुर्ल्याहून आनलं," असं ते म्हणतात. मुंबईतल्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडलेल्या गाड्यांचे भाग मिळतात, तिथून त्यांनी टर्बोच्या तयारीसाठी एक जादा इंजिन आणलं होतं. म्हणजे गाडी एक, इंजिनं दोन, आणि दोन्ही खाली.

आता ही गाडी विकायला काढली आहे.

जाहिरात भाऊंनी स्वतः लिहिली. 'अर्जंट विकणे आहे', आणि त्याखालच्या ओळीत 'घाई नाही'. 'फक्त शौकिनांनी फोन करावा.' 'टाइमपासवाल्यांनी करू नये.' 'काम थोडं बाकी.' 'इंजिन बसवले की चालू.' हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. ते खोटं ठरवायचं कसं, मला सुचत नाही.

किंमत चार लाख. तिच्यामागे हिशेब आहे. गाडी ८५ हजारांना घेतली. दुसरं इंजिन, टर्बो, पिस्टन, चाकं, रेसच्या सीटा, फायबरचा बॉडी किट आणि नागपूरच्या खेपांचं डिझेल-पाणी यांच्या सगळ्या पावत्या एका डायरीत चिकटवलेल्या आहेत. बेरीज तीन लाख चाळीसच्या घरात जाते. वर साठ हजार 'मेहनतीचे'. वेल्डिंगवाल्या मित्राने घेतलेल्या चहाचे पैसे धरलेले नाहीत, हा मोठेपणा.

घेणाऱ्याचा हिशेब उलट्या टोकापासून सुरू होतो. पूर्ण झालेली, पळणारी, रंगवलेली मॉडिफाय गाडीसुद्धा तिच्यावर ओतलेल्या पैशाला जात नाही, कारण एकाची हौस दुसऱ्याच्या मापाची नसते. अपुरी गाडी तर त्याच्याही खाली. घेणारा नुसते सामानाचे पैसे मोजत नाही. कोणता बोल्ट कुठे हरवला, कोणती वायर कुठे जात होती, हे शोधण्याचे महिनेही तो धरतो. बरेचदा अशी गाडी अख्खी विकण्यापेक्षा चाकं एकाला, सीटा दुसऱ्याला, टर्बो तिसऱ्याला असं केलं तर जास्त पैसे येतात. कोणी तरी हे भाऊंना सुचवलं होतं. त्यांनी त्या माणसाकडे असं पाहिलं, की त्याने घरातलं पोर वाटून द्यायला सांगितलं असावं.

मला विचाराल तर त्या चार लाखांची गोम पावत्यांत नाही. भाऊंचं घर कापसाचं. कापसाचा भाव घरच्या माणसाने ठरवलेला त्यांनी कधी पाहिला नाही. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात आणि बारावर गेला की गाडी परत. पुढे शेत खाणीत गेलं. त्याचाही भाव वरूनच आला: २०१२ पासून कोरडवाहूला एकरी आठ लाख, ओलिताला दहा. जमिनीच्या बदल्यात वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये, म्हणजे वेकोलित, नोकरी लागली; तिचा पगार ठरतो राष्ट्रीय कोळसा वेतन करारात. पन्नाशीला आलेल्या या माणसाने जन्मात स्वतः भाव लावलेली वस्तू ही एवढीच. तिच्यावर कोणी ओलावा मोजायला आलं, तर ते कसं चालणार?

मोजायला येणारे तरी येतातच. आधी कागद विचारतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१६ साली भाऊंनी पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, तेव्हा गाडी चालत होती. २०२१ साली ती मुदत संपली तेव्हा इंजिन टायरवर होतं, आणि इंजिन टायरवर असलेली गाडी शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या यवतमाळला आरटीओसमोर उभी करायची तर ट्रकमध्ये घालून. त्यात २०२२च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना दहा हजार. वरून दंड, वरून पर्यावरण कर. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहेच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध जाणारा बदल गाडीत करता येणार नाही. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, आणि टर्बोला ती मिळणं कठीण. भाऊंचं म्हणणं असं, की गाडीत इंजिनच नाही, मग बदललं कुठे?

पहिला आला तो वणीचा भंगारवाला. त्याने गाडीला फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "तीस रुपये किलो." भाऊंनी त्याला पाणीही विचारलं नाही.

मग कॉलेजची दोन पोरं आली. त्यांना गाडी फोटोपुरती पाहिजे होती. त्यांनी विचारलं, "काका, एवढी खाली काऊन केली?" भाऊंनी गुरुत्वमध्य समजावला. गाडी चार बोटं खाली बसवली की वळणावर कलत नाही. राजुरात वळणावर गाडी कलायचा प्रश्न येत नाही, कारण प्रत्येक वळणाआधी कोळशाचा ट्रक आणि प्रत्येक ट्रकआधी गतिरोधक. इंजिन असताना भाऊ ती गाडी वणीला नेत, तेव्हा गतिरोधकाशी मागच्या दोघांना उतरवून, तिरपी करून, फळीवर चढवून पार करावी लागे. पोरांनी फोटो काढले आणि गेली.

तिसरा चंद्रपूरचा. तो खरा जाणकार, हात काळे असलेला. भाऊंनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा आला. त्याने बरोबर तेच प्रश्न विचारले जे विचारायला नको होते. पिस्टनचं माप काय? मूळ कॉम्प्युटर कुठे? मूळ बंपर? रोल केजचा पाइप कसला? केजचा पाइप नळयोजनेचा निघाला. शेवटी तो म्हणाला, "ओरिजिनल मागची सीट तरी हाय का?"

"तुमी बसले ना तिच्यावरच," वहिनी आतून म्हणाल्या.

त्याला फक्त दोन्ही इंजिनं पाहिजे होती. रोख सत्तर हजार, आत्ता, टेम्पो बाहेर उभा. भाऊंनी नाही म्हटलं. त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं त्यातलं शेजारी एवढंच ऐकू आलं: "सत्तर हजाराची शेगडी तरी पेटली असती!"

आणि मग गेल्या रविवारी हिंगणघाटचा एक पाहुणा आला. पन्नाशीचा, शर्टाच्या खिशात टॉर्च. ताडपत्री काढल्यावर तो काही बोललाच नाही, आधी वाकून टर्बोच्या पाइपाचं वेल्डिंग पाहिलं. "आर्गॉननं केलं?" भाऊंचा आवाजच बदलला. दोघं शेडमध्ये गेले ते दुपार कलेपर्यंत. मध्ये एकदा पोहे गेले, दोनदा चहा गेला. डायरी उघडली गेली. पाहुण्याने एकेक पावती बोट ठेवून वाचली आणि एका ठिकाणी म्हणाला, "पिस्टन तुमाले स्वस्तात भेटले." निघताना त्याने भाऊंचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "भाऊ, चार लाख काईच जास्त नाई. खरं तं तुमी कमी लावले."

तो गेल्यावर वहिनींनी विचारलं, "मंग? ठरलं का?"

"भाव बरोबर हाय म्हने."

"घेतली?"

"नाई. त्याचे पैसे गुंतून हाय. त्याच्याबी घरी एक लान्सर हाय, ऐंशी टक्के झालेली. विकाची हाय म्हने. पाहून येतो रविवारी."

वहिनी पोह्याच्या ताटल्या उचलत होत्या. म्हणाल्या, "पाहून या. पन आनान तं ताडपत्री तिकडूनच आना, घरातली पुरनार नाई."